आधी ऐकून तर घे

गेले दोन शनिवार इथे काही लिहिलं नाही. ऑफिसात रिलीज होती हे खरं आहे, पण खरं कारण ते नाही. जे लिहायचं होतं ते लिहू की नको, हेच ठरत नव्हतं. शेवटी जिच्याबद्दल लिहायचं तिलाच फोन करून विचारलं. ती म्हणाली, "लिही की. फक्त माझं नाव नको आणि माझे मार्क नको." तेव्हा मंडळी, या लेखात नाव नाही आणि मार्कही नाहीत.

ती माझी मामेबहीण. वय सतरा, बारावीला आहे. गाव नांदेड जिल्ह्यात, पण दीड वर्षापासून लातूरला हॉस्टेलवर राहते. आमच्याकडच्या लोकांना यापुढे काही सांगायला नको. 'लातूर पॅटर्न' एकेकाळी बोर्डाच्या गुणवत्ता यादीसाठी प्रसिद्ध होता, आता नीटसाठी आहे. आसपासच्या जिल्ह्यांतून मुलं दहावी झाली की ट्रंक, गादी आणि बादली घेऊन तिथे उतरतात. मामाने सोयाबीनच्या पैशात भागलं नाही म्हणून वरून कर्ज काढून फी भरली आहे. हेही तिला माहीत आहे, आणि तिला माहीत आहे हे मामाला माहीत नाही.

तर झालं असं. गणपती झाल्यावर एका रात्री साडेअकराला तिचा फोन आला.

"दादा, काय करायलास?"

"काही नाही गं, काम चालूय. तू जागी कशी?"

"झोपच येईना. अभ्यासाला बसले की डोक्यात काही शिरत नाही. पान तेच, ओळ तीच. आणि उगीच रडायला येतं."

आता यावर मी काय विचारलं असेल? "मॉक टेस्टमध्ये किती पडतायत?"

मग पुढची चाळीस मिनिटं मीच बोललो. कुठल्या विषयात किती जातात, निगेटिव्ह मार्किंग कसं टाळायचं, फिजिक्स सकाळी करायचं का रात्री. शनिवारी बसून एक झकास एक्सेल शीट बनवली. पहाटे पाच ते रात्री अकरा, प्रत्येक विषयाला वेगळा रंग, आठवड्याची उजळणी, शेवटच्या कॉलममध्ये आपोआप टक्केवारी. पाठवून दिली. तिकडून अंगठा आला. नंतर महिनाभर फोन नाही. मला वाटलं, चला, प्रश्न सुटला.

सपोर्टमध्ये काम केलेल्यांना हा प्रकार ओळखीचा असेल. कस्टमरने दोन-तीन मेलना उत्तर दिलं नाही की आपण टिकिट बंद करतो. त्याचा प्रश्न सुटला म्हणून नाही, तो बोलायचा थांबला म्हणून. मी नेमकं तेच केलं होतं. पोरगी रडायला येतं म्हणून सांगत होती आणि मी टिकिट क्लोज करून मोकळा झालो.

त्या एक्सेलमध्ये एक साधी चूकही होती, ती मला फार नंतर कळली. अकरा ते पाच म्हणजे सहा तास झोप. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, मेलाटोनिन उशिरा तयार व्हायला लागतं, त्यामुळे या वयात रात्री लवकर झोप येत नाही आणि सकाळी जाग येत नाही. त्याला आपण आळस म्हणतो. म्हणजे जिला झोप येत नव्हती तिला मी आणखी कमी झोपेचा तक्ता रंगवून पाठवला होता. धन्य!

दिवाळीला गावी गेलो तेव्हा मामीने आधी तक्रारीचा पाढा वाचला. सारखी चिडचिड करते, जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणते, धाकट्या भावावर खेकसते, मैत्रिणी आल्या तर भेटत नाही, दार लावून मोबाईल घेऊन बसते. "मोबाईलनं पार वाट लावली बघ," इति मामी. मोबाईल निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. पण एक गोष्ट आपल्याला कुणी कधी सांगितलेली नसते. मोठ्या माणसाला नैराश्य आलं तर तो उदास दिसतो, गप्प होतो. किशोरवयात तेच नैराश्य बऱ्याचदा चिडचिडीच्या रूपात दिसतं. आपल्याला वाटतं पोरगं उद्धट झालंय. एखाद दिवशी चिडणं या वयाचंच आहे, त्यात काही विशेष नाही. पण झोप, भूक, अभ्यास, मैत्री, हे सगळं एकदम बदललं आणि दोन आठवडे उलटले तरी तसंच राहिलं, तर ते 'वय' म्हणून सोडून देऊ नये.

संध्याकाळी गच्चीवर पणत्या लावताना तिला सहज म्हटलं, तक्ता वापरतेस का?

"दादा, तो तक्ता बघितला ना की अजून गुदमरल्यासारखं व्हायचं. मी तुला काय सांगत होते, तू काय पाठवलंस. आधी ऐकून तर घे ना माणसाचं."

लागलं. पण बरोबर होतं. म्हटलं, "चुकलं माझं. आता सांग. मी मधे बोलणार नाही."

मधे न बोलणं किती अवघड असतं हे करून बघा! तिच्या प्रत्येक वाक्याला माझ्याकडे एक उत्तर तयार होतं. क्लासमध्ये एका टेस्टनंतर तिला वरच्या बॅचमधून खालच्या बॅचमध्ये टाकलं, यादी भिंतीवर लावली. माझ्या तोंडात आलं, "एवढंच ना, पुढच्या टेस्टला परत वर जाशील." गिळलं. खोलीतली मैत्रीण वरच्या बॅचमध्ये राहिली, आता ती नीट बोलत नाही. तोंडात आलं, "तिला मार गोळी." तेही गिळलं. पप्पांनी कर्ज काढलंय हे तिला काकांच्या बोलण्यातून कळलं होतं. यावर माझ्याकडे उत्तरच नव्हतं.

आणि मग ती म्हणाली, "कधीकधी वाटतं, सकाळी उठूच नये."

इथे माझ्या पोटात गोळा आला. अशा वेळी आपल्याकडे दोनच रिवाज आहेत. एक, "असलं अभद्र बोलू नये" म्हणून तोंड बंद करायचं. दुसरा, ऐकलंच नाही असं दाखवून विषय बदलायचा. कारण मनात भीती असते, आपण विचारलं तर तिच्या डोक्यात नसलेला विचार आपणच घालू. ही भीती चुकीची आहे. मानसोपचाराच्या क्षेत्रात यावर भरपूर अभ्यास झालेला आहे, थेट विचारल्याने तो विचार रुजत नाही. उलट, कुणीतरी विचारलं याने माणसाला सुटल्यासारखं होतं. हे मी कधीतरी वाचलं होतं म्हणून धीर केला.

"म्हणजे मरावंसं वाटतं का तुला?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग रडली आणि हो म्हणाली. काही ठरवलेलं नव्हतं तिने, पण विचार येत होते, आणि त्या विचारांचीच तिला भीती वाटत होती. मी त्या दिवशी तिला एकटं सोडलं नाही. आणि मग तिने जे म्हटलं ते खरं अवघड होतं, "पप्पांना सांगू नकोस. शपथ घे."

शपथ घ्यावी असं शंभर टक्के वाटलं. तिने विश्वास टाकला होता, तो मोडला तर परत कधी बोलणार नाही. पण जीवाचा प्रश्न असताना गुपित ठेवायचं वचन द्यायचं नसतं, कितीही वाईट वाटलं तरी. अठरा वर्षांखालच्या मुलीच्या उपचारांचा निर्णय कायद्यानेही पालकांनाच घ्यावा लागतो, पुण्यात बसलेल्या आतेभावाला नाही. मी म्हटलं, "शपथ घेत नाही. हे माझ्या एकट्याने पेलणारं नाही गं. पण तुला न विचारता, तुझ्या पाठीमागे काही करणार नाही. आपण दोघं मिळून सांगू. काय सांगायचं ते तू ठरव, बोलायला मी सुरुवात करतो." ती चिडली. तासभर बोलली नाही. रात्री जेवणं झाल्यावर म्हणाली, "चल."

मामाची पहिली प्रतिक्रिया होती, "आम्ही काय कमी केलं?" दुसरी, "सगळ्यांचीच पोरं करतात की अभ्यास." मला राग आला होता, पण आता वाटतं तोही घाबरला होता. कर्ज काढलेल्या माणसाला पोरीने असं सांगितल्यावर त्याच्या पायाखालची जमीन सरकणारच. त्याचंही कुणी ऐकून घेतलेलं नव्हतं. मामी काही न बोलता तिच्याजवळ जाऊन बसली आणि रात्रभर तिच्याच खोलीत झोपली. सकाळी मामा गोठ्यातून आला आणि हात धुता धुता मला म्हणाला, "डॉक्टरकडं न्यायचं म्हणजे कुठं न्यायचं असतं?"

या एका प्रश्नासाठी मी मामाचा जन्मभर ऋणी राहीन.

आता थोडे आकडे, कारण आकड्यांशिवाय आमच्या जमातीला चैन पडत नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात १३ ते १७ वयाच्या मुलांमध्ये ७.३ टक्के जणांना काही ना काही मानसिक आजार आढळला. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात सरासरी चार. कुठलेही चार, मागच्या बाकावरचेच असं नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांत सर्वाधिक नोंदी महाराष्ट्रातल्या होत्या. यातल्या कुठल्याही एका घटनेमागे एकच कारण नसतं, त्यामुळे 'परीक्षेने घेतला बळी' छाप मथळे मला पटत नाहीत. पण परीक्षेचा काहीच संबंध नाही असंही कुणी म्हणू नये. २०२५ च्या नीटला २२ लाखांहून जास्त मुलं बसली. देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. सगळ्यांनी जीव तोडून अभ्यास केला तरी शंभरातल्या चौऱ्याण्णव जणांना जागा नाही. हे साधं भागाकाराचं गणित आहे, आणि तरी आपण त्या चौऱ्याण्णव जणांना 'कमी पडले' म्हणतो.

मग करायचं काय? सरकारी पातळीवर काहीच नाही असं नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, मार्कांवरून बॅचेस पाडू नयेत, चारचौघांत पाणउतारा करू नये, वगैरे. कोचिंग क्लासेसही त्यात आले. भिंतीवर यादी लावणाऱ्या क्लासच्या पालकसभेत कुणीतरी उभं राहून एवढं विचारलं तरी पुष्कळ. बाकी वर्षातून एकदा पाहुणा बोलावून 'ताणतणाव व्यवस्थापन' यावर दीड तासाचं भाषण ठेवणे या प्रकाराला माझा विरोध आहे. तिथेही पुन्हा मोठं माणूस बोलतं आणि मुलं ऐकतात. उलटं व्हायला पाहिजे ना!

माझं म्हणणं एवढंच आहे. किशोरवयीन मुलाला आधार द्यायचा म्हणजे आपण जे उपाय सांगतो ते नव्हे. त्याने पहिलं वाक्य बोलल्यावर आपण काय बोलतो, यावर तो दुसरं वाक्य बोलणार की नाही हे ठरतं. आणि खरी गोष्ट कधीच पहिल्या वाक्यात नसते. 'झोप येईना' हे पहिलं वाक्य होतं. 'उठूच नये' इथपर्यंत यायला तिला महिना-दीड महिना लागला, कारण मधे माझी एक्सेल शीट आली.

हे नुसतं माझ्या मनचं नाही. एमी वर्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञ होत्या. हवाईच्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे कित्येक दशकं मागोवा घेतला. त्यातल्या बऱ्याच मुलांच्या घरी गरिबी, भांडणं, दारू, आजारपण असं सगळं होतं. तरी अशा मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं चांगली, सक्षम माणसं झाली. त्यांच्यात काय वेगळं होतं? जी काही कारणं सापडली त्यात एक ठळक होतं, आयुष्यात निदान एक तरी भरवशाचं मोठं माणूस. आईबापच असं नाही. आजी, मावशी, शिक्षक, शेजारी, कुणीही.

मला हे वाचताना आमच्या मेसचे काका आठवले. सेकंड इयरला माझा एम थ्री उडाला होता. घरी सांगितलं नव्हतं, पोरांना तोंड दाखवत नव्हतो, दोन दिवस जेवायलाही गेलो नाही. तिसऱ्या दिवशी काकांनी विचारलं, काय रे, काय झालं? मी सांगितलं. आठवी शिकलेल्या त्या माणसाला एम थ्री म्हणजे काय हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. ते म्हणाले, "बरं. बस." आणि समोर खुर्ची ओढून बसले. मी अर्धा तास बोललो. त्यांनी एकही सल्ला दिला नाही. त्या रात्री मी घरी फोन केला. काकांना जे जमलं ते मला दहा वर्षांनी, इंजिनियरिंगची डिग्री असून, जमलं नव्हतं.

"नुसतं ऐकून काय होतं, मार्क वाढतात का?" असं एका मित्राने विचारलं. नाही वाढत. आणि ऐकणं म्हणजे उपचार नाही, हेही खरं. ताप आलेल्याच्या कपाळावर हात ठेवला म्हणून मलेरिया बरा होत नाही. पण हात ठेवल्याशिवाय ताप कळत नाही आणि डॉक्टरकडे न्यायची वेळ कळत नाही. ऐकायचं, थेट विचारायचं, गरज असेल तर तज्ज्ञाकडे न्यायचं, आणि नेल्यावरही ऐकत राहायचं. क्रम चुकला की सगळं फिसकटतं.

तज्ज्ञ म्हणजे कोण, हाही आमच्या घरी प्रश्नच होता. समुपदेशक आणि मानसशास्त्रज्ञ बोलून उपचार करतात. मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर शिकलेला डॉक्टर असतो, तो औषधंही देऊ शकतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयातही ही सोय असते, तिथे जायला कुणाची ओळख लागत नाही. आणि काहीच सुचत नसेल तर केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू. नंबर १४४१६. दिवसरात्र, फुकट, मराठीतही बोलतात. मुलांनीच करावा असं नाही, गोंधळलेल्या मामाने आणि आतेभावानेही करावा. जीवाला आत्ताच धोका वाटत असेल तर मात्र फोनवर वाट बघत बसू नका, माणसाला एकटं सोडू नका, सरळ जवळच्या दवाखान्यात न्या.

मामाने तिला लातूरच्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी रक्त तपासायला सांगितलं, थायरॉईड आणि हिमोग्लोबिन, कारण तिथे गडबड असली तरी माणूस असाच गळून जातो. मग तिच्याशी एकटीशी तासभर बोलले, नंतर मामा-मामीशी वेगळं. मामाला वाटलं होतं, पोरीला वेडं ठरवतील. बाहेर आल्यावर म्हणाला, "साधाच माणूस आहे की रं."

आता सगळं छान झालं असं लिहून लेख संपवता आला असता. तसं झालेलं नाही. दर आठवड्याला जाते. काही दिवस बरे जातात, काही नाही. हॉस्टेल सोडलं, मामी तिच्याबरोबर भाड्याच्या खोलीत राहते, गावाकडे मामा स्वतः भाकरी थापतो आणि त्या कशा होतात यावर आम्ही बोलत नाही :) यंदा नीट द्यायची का नाही हे ठरलेलं नाही. एक वर्ष गेलं तर गेलं असं मामा म्हणतो. मनापासून म्हणतो का, ते मला माहीत नाही, पण म्हणतो. तिला ते ऐकू येतं हे महत्त्वाचं.

असो. बरंच लांबलं. तुमच्याही नात्यात एखादं पंधरा-सोळा-सतरा वर्षांचं पोर असेलच. या शनिवार-रविवारी त्याला एक फोन करा. मार्क विचारू नका, अभ्यास विचारू नका. कसा आहेस विचारलं की ते "बरा आहे" म्हणेल. फोन ठेवू नका लगेच. थोडा वेळ गप्प राहिलात तरी चालतं. मी आता रोज रात्री करतो. ती विचारते, "काय करायलास?" मी म्हणतो, "काही नाही. बोल तू."